वऱ्हांड्यातील कशिदा आणि ‘फावल्या वेळा’चा हिशेब

कोणत्याही मोठ्या सरकारी इस्पितळात दुपारच्या वेळी गेले, तर वॉर्डाबाहेरच्या बाकांवर, आणि बाक भरलेले असल्यास भिंतीला टेकून फरशीवर, बसलेल्या बायांच्या हातांत काही ना काही काम दिसते. कोणी लोकर विणत असते, कोणी जुन्या लुगड्याच्या गोधडीला टाके घालत असते, कोणी उशीच्या अभ्र्यावर किंवा रुमालावर भरतकाम करीत असते. आत सासू असते, नवरा असतो, पोटची पोर असते. परिचारिकेने नाव पुकारले की सुई कापडात टोचून ठेवायची, आत धावायचे, औषधांची चिठ्ठी घेऊन खाली जायचे, परत यायचे आणि पुन्हा सुई उचलायची, असा क्रम दिवसभर चालतो. जाणारा-येणारा हे पाहतो आणि म्हणतो, ‘बरे झाले, बिचारीचा वेळ तरी जातो.’ या सहानुभूतीच्या उद्गारात एक समज दडलेला आहे : त्या बाईपाशी रिकामा वेळ आहे, आणि सुई हे तो घालवण्याचे साधन आहे. हा समज वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्याच्यावर एका मोठ्या उद्योगाची मजुरी ठरते आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेचा बराचसा गाडाही त्याच्यावरच चालतो.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला हाताचे काम धीर देते, हे खरे आहे. शस्त्रक्रियागृहाचे दार बंद झाल्यानंतरचे तीन-चार तास ज्यांनी काढले आहेत, त्यांना ते समजावून सांगायला नको. डॉक्टर सांगत नाहीत, परिचारिकेला फुरसत नसते. जे घडणार ते आपल्या हातात नसते. अशा वेळी टाक्यापुढे टाका हे एकच काम आपल्या मर्जीने पुढे सरकत असते. वाचन जमत नाही, कारण ओळीवर मन ठरत नाही. भरतकाम जमते, कारण मन भरकटले तरी हाताला वाट माहीत असते, आणि उठावे लागले तर मोडलेला धागा पुन्हा जोडता येतो. सुखवस्तू घरातील एखादी गृहिणी खाजगी इस्पितळाच्या खोलीत रिंगेवर कापड ताणून फुले भरत बसली, तर तिला हसण्याचे काही कारण नाही. दुःखात माणसाने हात गुंतवून घेणे यात बूर्झ्वा असे काही नाही. (आपल्याकडील काही कार्यकर्ते सुईदोऱ्याचे नाव काढताच नाक मुरडतात, त्यांच्या सदऱ्यांची बटणे कोण लावते, याचाही त्यांनी कधी विचार करावा.)

परंतु तोच वऱ्हांडा लखनौमध्ये असेल, तर चित्राचा अर्थ बदलतो. लखनौचा चौक हा चिकनच्या व्यापाराचा जुना बाजार. आणि १९११ साली सुरू झालेले, आज विद्यापीठ बनलेले शहराचे प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालयही चौकाला लागूनच. चौकाच्या गल्ल्यांतील आणि शहराभोवतीच्या खेड्यांतील असंख्य घरांत पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने कशिदा काढला जातो. त्यांपैकी एखादी बाई आजारी नवऱ्यामागे इस्पितळात येते तेव्हा तिच्या पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली यांच्याबरोबर ठसा मारलेला एक कुर्ताही असतो. तो कुर्ता तिचा नाही. तो एका व्यापाऱ्याचा आहे, मधल्या दलालामार्फत तिच्याकडे आलेला आहे, आणि ठरल्या दिवशी भरून परत द्यायचा आहे. वेळ घालवायला तिने तो आणलेला नाही. चुकलेल्या मुदतीपायी पुढचे काम हातचे जाईल, ही धास्ती त्या पिशवीत आहे.

हा धंदा चालतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. कापड बेतले जाते, शिवले जाते; मग लाकडी ठशांनी त्यावर धुऊन जाणाऱ्या निळ्या रंगात वेलबुट्टी छापली जाते. नंतर ते भरण्यासाठी बायांकडे जाते. एकाच कुर्त्यावर अनेकदा अनेक हात चालतात, कारण टाकेही अनेक आहेत आणि प्रत्येकीचा हात प्रत्येक टाक्यावर सारखा बसलेला नसतो. टेपची हा साधा धावता टाका. बखिया कापडाच्या उलट बाजूने घालतात, म्हणजे सुलट बाजूला दोऱ्याची नुसती सावली उमटते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, फंदा बाजरीच्या दाण्यासारखा गोल. जाळीत तर कापडाचा धागा न तोडता, न ओढून काढता, विणीचे धागे सुईने बाजूला सारून छिद्रांचे जाळे बांधतात. भरून झाले की कापड धोब्याकडे जाते, निळा ठसा आणि महिनाभराच्या हाताळणीचा मळ धुऊन निघतो, खळ-इस्त्री होते, आणि मग ते दुकानात चढते. २००८ साली या कलेला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत लखनौच्या नावापुढे चिकन लिहिले. नावाला संरक्षण मिळाले. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कुर्त्यावर डोळे फोडणाऱ्या बाईची मजुरी मात्र दलाल सांगेल तीच राहिली. १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटात शबाना आझमी यांनी या कारागीर स्त्रियांचा लढा पडद्यावर आणला होता. त्यानंतर चार दशके लोटली, दलालांच्या पिढ्या बदलल्या. नग मोजून पैसे देण्याची पद्धत बदललेली नाही.

नगावर मजुरी या दोन शब्दांतच सगळे रहस्य आहे. तासावर मजुरी असती तर मालकाला विचारावे लागले असते की काम किती तास चालले, कुठे चालले, उजेड होता की नव्हता. नगावर मजुरीत त्याला यातले काहीच विचारावे लागत नाही. कुर्ता चुलीपाशी भरला, पोर मांडीवर घेऊन भरला की इस्पितळाच्या जिन्यात बसून भरला, हा प्रश्न त्याच्या वहीत येत नाही. टाका वाकडा आहे काय आणि डाग पडला आहे काय, एवढेच येते, आणि ते आले की पैसे कापले जातात. जागेचे भाडे, दिव्याचा खर्च, सुई मोडल्याचा तोटा, देखरेख, सारे त्या बाईच्याच माथी. मार्क्सने ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात नगावर मजुरीचे प्रकरण लिहिताना नेमके हेच दाखवले आहे की, या पद्धतीत देखरेखीची गरज कमी होते आणि मालक व कामकरी यांच्यामध्ये दलालांची साखळी उभी राहते, मजुरीतून प्रत्येक कडी आपला हिस्सा काढून घेते.

त्याच ग्रंथात घरगुती उद्योगाविषयीचा जो भाग आहे, त्यातील एक तक्ता इस्पितळाच्या संदर्भात पुन्हा काढून पाहावा असा आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या धर्मार्थ दवाखान्यात उपचारासाठी आलेल्या ६८६ लेस विणणाऱ्या स्त्रियांची ती नोंद आहे. बहुतेकींचे वय १७ ते २४. क्षयाचे प्रमाण १८५२ साली ४५ जणींमागे एक असे होते. १८६१ साली ते ८ जणींमागे एक झाले. नऊ वर्षांत एवढा फरक! लेस विणणारी त्या वेळी इस्पितळात रुग्ण म्हणून नोंदली गेली, आणि एका डॉक्टरने वही नीट ठेवली म्हणून ते आकडे आज आपल्या हाती आहेत. आपल्याकडे रुग्णाच्या केसपेपरवर त्याचा धंदा लिहिण्याचा रकाना असतो. पण चिकन भरणारी बाई डोळे दाखवायला गेली तर त्या रकान्यात बहुधा ‘गृहिणी’ असे लिहिले जाते. आणि रुग्णासोबत आलेल्या माणसासाठी तर रकानाच नाही.

‘गृहिणी’ या शब्दाने किती झाकले जाते, हे आंध्रमधील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस यांनी लिहिलेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सविस्तर आले आहे. मिशनऱ्यांनी शिकवलेली ती क्रोशाची लेस परदेशी जात होती, निर्यातदार गबर होत होते, आणि दिवसाचे सहा ते आठ तास विणणाऱ्या त्या बायांना सगळे, व्यापारी, सरकारी अधिकारी आणि घरचे पुरुषही, ‘घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या’ म्हणत होते. ज्या कामाला फावल्या वेळचे काम म्हटले, त्याची मजुरी पोटापुरती असण्याची गरजच उरत नाही. तो वरखर्च ठरतो. हाच तर्क बिडीच्या सुपाला, पापडाच्या लाटणीला, उदबत्तीच्या फळीला आणि चिकनच्या सुईला सारखाच लावला गेला आहे. इस्पितळात तो तर्क दुप्पट जोराने लागू होतो, कारण तेथे त्या बाईचे पहिले कामही ‘काम’ म्हणून कोणी मोजत नाही.

ते पहिले काम म्हणजे रुग्णसेवा. सरकारी इस्पितळात नातेवाईक केवळ सोबतीला नसतो. रुग्णाला भरवणे, पुसणे, कूस बदलणे, भांडे देणे व धुणे, सलाईन संपत आले की परिचारिकेला हाक मारणे, रक्ताची बाटली आणणे, स्ट्रेचर ढकलणे, एक्स-रेच्या रांगेत उभे राहणे, बाहेरच्या दुकानातून औषध आणणे, ही कामे परिचारिका व वॉर्डबॉय यांची पदे रिकामी ठेवली किंवा कंत्राटी केली म्हणून नातेवाइकांच्या अंगावर आली आहेत. यांतली बहुतेक कामे बाईच्या वाट्याला येतात. राष्ट्रीय आरोग्य हिशेबानुसार २०२१-२२ मध्ये सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्के करण्याचे ठरवले होते. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला. हा आकडा पूर्वीपेक्षा उतरला, अशी टिमकी वाजवली जाते. पण खिशातून गेलेल्या पैशांत नातेवाइकाची बुडालेली मजुरी धरलेली नसते, आणि वॉर्डात त्याने फुकट केलेले काम तर कोणत्याच हिशेबात येत नाही. ते धरले, तर सरकारी इस्पितळांना सर्वांत मोठे अनुदान कोण देते, या प्रश्नाचे उत्तर अर्थमंत्र्यांच्या भाषणात सापडणार नाही.

वेळेच्या वापराचे देशव्यापी सर्वेक्षण प्रथम २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये झाले. दुसऱ्या सर्वेक्षणात बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे त्यावर घालवतात असे आढळले. १५ ते ५९ वयोगटात घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायांचे प्रमाण ४१ टक्के, पुरुषांचे २१.४ टक्के, त्यांना लागणारा वेळ अनुक्रमे १४० आणि ७४ मिनिटे. आकडे उपयोगाचे आहेत, आणि सभांतून ते सांगितले पाहिजेत. तथापि त्यांच्या रचनेत एक अडचण आहे. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात काय केले ते विचारले जाते, आणि अनेक कामे केली असतील तर त्यांतले एक मुख्य म्हणून ठरवले जाते. इस्पितळाच्या फरशीवर बसून सलाईनवर एक डोळा आणि बखियावर दुसरा डोळा ठेवणाऱ्या बाईचे मुख्य काम कोणते? देखभाल लिहिली तर मजुरीचे काम मागे पडते, मजुरी लिहिली तर देखभाल मागे पडते. तिला विचारले तर बहुधा ती स्वतःच म्हणेल, ‘काही नाही, बसले होते.’ कष्टकऱ्याच्या तोंडूनच त्याचे कष्ट नाकारून घेणे, ही वर्गसमाजाची जुनी किमया आहे.

कायद्याने या बाईला कधीच ओळखले नव्हते, असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत, दुसऱ्याकडून माल घेऊन तो विक्रीसाठी तयार करणारा, धुणारा, सजवणारा बाहेरचा कामगारही स्पष्ट शब्दांत घेतला होता. सजवणारा, म्हणजे भरतकाम करणारी आलीच. अंमलबजावणीच्या नावाने शून्य असले, तरी बोट ठेवायला कायद्यात एक ओळ होती. आता त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली आहे. ती इतर तीन संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्या ‘कर्मचारी’ व्याख्येत त्या बाहेरच्या कामगाराचा उल्लेख राहिलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरखेप कामगार’ म्हणावे अशा कामगाराची व्याख्या आहे, पण ती योजनांच्या लाभापुरती. मजुरीचा दर त्यातून मिळत नाही. घरी बसून काम करणाऱ्यांबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर आजवर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालाने असंघटित स्त्रियांच्या कामाचे जे दर्शन घडवले, ते ग्रंथालयात आहे.

मग घरी काम करणाऱ्यांना हक्क मिळणे अशक्यच आहे काय? मराठी वाचकांना याचे उत्तर दूर शोधायला नको. सोलापूर, सिन्नर, निपाणी येथील बिडी कामगार बाया घरी पान-तंबाखू नेऊन बिड्या वळत होत्या, आणि त्यांनाही ‘फावल्या वेळचे काम’च सांगितले जात होते. लढे झाले, १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा झाला, आणि घरी वळणाऱ्या बाईला त्याने कामगार म्हटले. मालकांनी न्यायालयात आव्हान दिले; १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्यातून ओळखपत्र आले, भविष्य निर्वाह निधी आला, आणि कल्याण निधीतून दवाखाने आले. छाटणीच्या नावाखाली बिड्या फुकट लाटण्याला पूर्ण पायबंद बसला नाही, हेही खरे. पण ओळखपत्र हाती असलेली बिडीवाली आणि काहीच हाती नसलेली चिकनवाली इस्पितळात शेजारी बसल्या, तर त्यांच्या स्थितीत फरक असतो. तो फरक संघटनेने घडवलेला आहे. आता तो १९६६ चा कायदाही नव्या संहितांत विलीन झाला आहे. म्हणजे चिकनवालीला बिडीवालीच्या बरोबरीला आणण्याऐवजी उलटाच प्रवास सुरू झाला आहे.

‘हक्क मागाल तर धंदाच निघून जाईल’, अशी भीती नेहमी घातली जाते. ती सर्वस्वी पोकळ नाही. केरळात १९६८ मध्ये बिडी कायदा लागू होताच मोठ्या मालकांनी कण्णूर भागातील काम बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. पण १९६९ मध्ये त्याच कामगारांनी ‘केरळ दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था उभी केली आणि कायद्यातले हक्क देऊन धंदा चालवून दाखवला. चिकनच्या बाबतीत तर लखनौचे नाव हेच मालाचे मोल आहे. भौगोलिक निर्देशनामुळे ते नाव दुसरीकडे उचलून नेता येत नाही. या एका बाबतीत चिकनवालीची बाजू बिडीवालीपेक्षा भक्कम आहे, आणि संघटनेने ती ओळखली पाहिजे.

आपल्या चळवळीतही या प्रश्नाकडे पाहण्यात एक आळस आहे. कारखान्याच्या फाटकापाशी सभा घेता येते, पत्रके वाटता येतात. घरोघरी विखुरलेल्या बायांना गाठायचे कोठे, असे विचारले जाते. प्रश्न बरोबर आहे, पण इस्पितळाच्या वऱ्हांड्यात त्या तासन् तास एकत्र बसलेल्या असतात, हे लक्षात येत नाही. अर्थात, आजारी माणसाच्या दारात जाऊन घोषणा द्याव्यात, असा याचा अर्थ नव्हे. तसे करणारा कार्यकर्ता शहाणा म्हणायचा नाही. पण रांगेत मदत करणे, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवणे, आणि सहज विचारणे की या कुर्त्याचे किती मिळतात, कोणाकडून येतो, डाग पडला तर किती कापतात, एवढे तर कोणत्याही शाखेतील सभासदाला करता येईल. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी असलेल्या मराठी सभासदांना तेथील भाषा येते आणि आपल्या बिडी कामगारांच्या लढ्याची माहितीही असते. ते हे काम अधिक चांगले करू शकतील.

इस्पितळाकडे करायच्या मागण्या किरकोळ वाटतील, पण त्या ताबडतोबीच्या आहेत. मुंबईत गाडगे महाराजांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि दादरची धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आसरा देते. लोकवर्गणीवर एका संताने जे केले ते सरकारच्या तिजोरीला जड जाते, यावर कोणी विश्वास ठेवावा? नातेवाइकांसाठी बसायला जागा, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ संडास, रात्री पाठ टेकण्याची सोय आणि वाचता-शिवता येईल इतका उजेड, हे प्रत्येक सरकारी इस्पितळात असले पाहिजे. रुग्ण कल्याण समित्यांची पद्धत इंदूरच्या महाराजा यशवंतराव इस्पितळातून १९९०च्या दशकात सुरू झाली आणि २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानंतर देशभर पसरली. या समित्या शुल्क गोळा करतात, इमारतीला रंग देतात; त्यांच्या खर्चात नातेवाइकांचा वाटा किती, हे तेथील लोकप्रतिनिधींनी विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रिकामी पदे भरा आणि नातेवाइकांकडून वॉर्डबॉयचे काम करवून घेणे थांबवा, या मागणीत परिचारिकांची संघटना आणि रुग्णांचे नातेवाईक एका बाजूला आहेत. खटका उडतो तो त्या दोघांतच, कारण दोघीही दमलेल्या असतात. आणि ज्याने पदे भरली नाहीत तो सचिवालयात असतो.

मजुरीच्या बाजूने मागणी सरळ आहे. घरी काम देणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची व दलालाची नोंदणी व्हावी, प्रत्येक कारागिरणीच्या हाती नोंदवही असावी, नगाचा दर एका दिवसात होणाऱ्या कामावरून किमान वेतनाशी जुळवून ठरवावा, आणि घरात आजारपण असताना मुदत वाढवून मिळावी व उशिरापायी एक पैसाही कापला जाऊ नये. शेवटचे कलम वाचून व्यापारी हसतील. बिडीच्या मालकांनीही ओळखपत्राची मागणी प्रथम ऐकली तेव्हा ते हसलेच होते.